बारा सेकंदांवर थांबवलेले घड्याळ

जबाब देणाऱ्याचे नाव : व्हर्लिन जोसेफ कुसेरा. वय : ६७ वर्षे. धंदा : टपाल खात्यातून निवृत्त. शिवाय ऑल्डेन हायस्कूलच्या जिममधले स्कोअरबोर्डचे यंत्र चालवतो, बिनपगारी, एकोणतीस वर्षे. राहणार : काउंटी रस्ता क्रमांक ९, ऑल्डेन, नेब्रास्का.

मी आज सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता शेरीफ कार्यालयात आपणहून आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही. डेप्युटी मारिसोल ओचोआ यांनी विचारले त्याप्रमाणे समक्ष सांगतो, ते पुढीलप्रमाणे. मी भरभर बोलतो आहे, कारण शनिवारपासून अंगात जो जोर चढला आहे तो उतरायला तयार नाही. डेप्युटींनी दोनदा हळू बोला म्हणून सांगितले आहे.

आमचे काउंटीचे रुग्णालय चौदा खाटांचे आहे. आम्ही निवडून दिलेल्या पाच जणांचे मंडळ ते चालवते. नर्स मिळत नाहीत. आहेत त्यांत एक तर बाळंतपणाचा विभाग चालेल, नाहीतर डायलिसिसचा, दोन्ही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! गेल्या वसंतात रुग्णालयासाठी कर वाढवायचा का, यावर मतदान झाले आणि आम्ही तो ठराव दणकून पाडला. मीही विरोधात मत दिले. हे मला विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

मी स्वतः डायलिसिसवर आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे साडेपाच ते साडेनऊ, खुर्ची क्रमांक चार. आम्ही एकूण अकरा जण. विभाग बंद झाला तर सर्वांत जवळचे मशीन केलर गावी, चौऱ्याण्णव मैलांवर. बाळंतपणाचा विभाग बंद झाला तर सर्वांत जवळचे बाळंतपणही केलरलाच, म्हणजे मैल तेवढेच.

दोनपैकी कोणता विभाग ठेवायचा, हे ठरवण्याची मंडळाची सभा शनिवारी दुपारी दोन वाजता हायस्कूलच्या जिममध्ये होती, कारण रुग्णालयाच्या खोलीत चाळीस खुर्च्या आणि माणसे आली सहाशे. बास्केटबॉलच्या मॅचला असते तसेच क्रीडा मंडळाच्या बायकांनी दाराशी चिलीचे, म्हणजे राजम्याच्या तिखट रश्श्याचे, पातेले आणि दालचिनीचे रोल मांडले होते. चिलीतला टोमॅटो आणि राजमा डायलिसिसमुळे मला वर्ज्य. मी नुसता रोल घेतला आणि यंत्रापाशी जाऊन बसलो.

मंडळाचे अध्यक्ष ग्लेन ब्रॅन्ट, बियाण्यांचे दुकानदार. या प्रकरणातले तक्रारदार हेच. माणूस वाईट नाही. त्यांनी सुरुवातीला नियम वाचला : प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटे. वेळ स्कोअरबोर्डवरच्या घड्याळाप्रमाणे धरली जाईल. भोंगा वाजला की माईक सोडायचा, न सोडणाऱ्यास सभेत व्यत्यय आणला म्हणून बाहेर काढले जाईल. ही कल्पना त्यांचीच. मागच्या सभेत त्यांनी अंडी उकडायच्या घड्याळावर वेळ मोजली होती आणि त्याची टिणटिण कुणाच्या कानापर्यंत पोचली नव्हती. म्हणून ते मला म्हणाले होते, “व्हर्लिन, तुझा भोंगा बहिऱ्यालाही ऐकू जातो. तूच बस.”

चौथे बोलायला डॅरेल वॉइट उठले. वय ७१, खुर्ची क्रमांक पाच, म्हणजे माझ्या शेजारची. सहा वर्षे आम्ही शेजारी शेजारी बसून एकमेकांची टिंगल करत आलो आहोत. ते म्हणाले, “मला दिसतं कमी. गाडी चालवत नाही. मला केलर काय आणि चंद्र काय, सारखंच. बाकी तुम्ही शहाणे आहात.” एक मिनिट दहा सेकंदांत ते खाली बसले. पहिल्या रांगेत आमचे दहा जण बसले होते, हातांना सकाळच्या पट्ट्या तशाच होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. इतरांनीही वाजवल्या, पण बेताने.

तेविसाव्या वक्त्या लोइस थॉमसेन, वय ६२, बाळंतपण विभागाच्या मुख्य नर्स. या प्रकरणातल्या आरोपी. त्यांनी माईक हातात घेतला आणि पहिलेच वाक्य टाकले : “ज्यांचा पहिला लंगोट मी बांधला, त्यांनी जरा उभं राहा बघू.”

काय सांगू! प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पायऱ्या उठल्या. आमचा अख्खा बास्केटबॉलचा संघ उठला. मंडळातले दोघे उठले. माझ्या हाताखालचे टेबल थरथरत होते. मी एकोणतीस वर्षांत जिल्ह्याचे तीन अंतिम सामने या टेबलावर काढले, पण असा आवाज ऐकला नाही. त्यात त्यांचे चाळीस सेकंद गेले. मग त्यांनी गेल्या हिवाळ्यात केलरचा रस्ता अकरा दिवस बंद होता आणि त्या अकरा दिवसांत तीन बायका अडल्या, ते सांगितले. “पोट काय कॅलेंडर बघून दुखतं का हो, अध्यक्षसाहेब?” असे त्यांनी विचारले. लोक हसले. लोइसबाई जिंकत होत्या, हे मला दिसत होते.

बोर्डावर बारा सेकंद राहिले असताना त्या अध्यक्षांकडे पाठ करून पहिल्या रांगेकडे वळल्या. म्हणाल्या, “आता तुमचं. दुपारपासून जो तो तुमच्या अंगावरून उडी मारून पुढं जातोय. मी नाही मारणार.”

मी बटण दाबून घड्याळ थांबवले.

का थांबवले, असे डेप्युटी विचारतात. मी अध्यक्षांना त्या वेळी सांगितले की गोंगाट फार होता. ते खरे आहे, पण पुरते नाही. आमच्याबद्दल ही बाई काय बोलते, ते मला ऐकायचे होते. बारा सेकंदांत ते मावले नसते. एवढेच कारण. मला मूलबाळ नाही आणि नात्यात सध्या कोणी गरोदर नाही, हे विचारल्यावरून सांगतो.

पुढे लोइसबाई बोलल्या ते माझ्या आठवणीप्रमाणे असे : “तुम्हाला केलरला जावं लागेल. आठवड्यातून तीनदा, बर्फ असो नाहीतर वारा असो. काही जण कंटाळून दोनदाच जातील. मंडळाच्या अहवालात पान एकोणीसवर लिहिलंय की तुम्हा अकरांपैकी पहिल्या दोन वर्षांत तीन दगावतील. हे पान कुणी वाचलं नाही. मी वाचते.” आणि त्यांनी ते पान मोठ्याने वाचले.

वरून कोणीतरी ओरडले, “लाज वाटत नाही का, बाई!”

त्या म्हणाल्या, “वाटते ना. म्हणून तर मोठ्यानं वाचतेय.”

तोपर्यंत तीन मिनिटे होऊन गेली होती. अध्यक्षांनी मनगटावरचे घड्याळ वर धरले आणि “वेळ संपली!” असे पुकारले. लोइसबाईंनी बोर्डाकडे बोट केले. ०:१२. एका बाजूने “बारा! बारा!” सुरू झाले, दुसऱ्या बाजूने “खाली बसा!” सुरू झाले, आणि सहाशे माणसांचे पाय फळ्यांवर आपटू लागले. अध्यक्षांनी हातोडा असा हाणला की त्याचे डोके दांड्यातून निसटून चिलीच्या पातेल्यापर्यंत घरंगळत गेले. ते तरातरा माझ्या टेबलाशी आले.

“व्हर्लिन, ते घड्याळ चालू कर.”

“गोंगाट आहे, ग्लेन. गोंगाटात घड्याळ चालवत नाहीत.”

“ही काय मॅच आहे?”

“इथं तूच भरवलीस.”

ते वळून मंडळाच्या टेबलाकडे परत गेले. त्यांनी मला धक्काबुक्की केली नाही, मीही त्यांना केली नाही.

मंडळाच्या सदस्या जेनीन पोल यांनी विचारले, “आणि बाळंतपण बंद केलं तर किती जातील, लोइस?” या बाईंचे मत तोपर्यंत डायलिसिसच्या बाजूने होते, हे गावाला माहीत होते.

“एखादं मूल. कदाचित एकही नाही,” लोइसबाई म्हणाल्या. “आकड्यांत ही पहिली रांगच जिंकते.”

“मग तू मागतेस कशाला?”

“कारण मशीन उद्या नर्स मिळाल्या की परत लावता येतं. बाळंतपणाचा सरावलेला हात एकदा मोडला की मोडला. मग पोरी जातात, त्यांच्यामागं नवरे जातात, मग ही शाळा जाते. आणि पाच वर्षांनी या गावात मशीन चालवायला तरी कोण राहणार? त्या दिवशी यांना नाहीतरी केलरलाच जावं लागेल.” मग पहिल्या रांगेकडे बघून त्या म्हणाल्या, “मी तुमची समजूत घालत नाहीये. तुमच्याकडून काय काढून घेतोय, ते तुमच्या तोंडावर सांगतेय.”

आरडाओरडा, टाळ्या, शिव्या, सगळे एकत्र झाले. उलटसुलट प्रश्न येत होते आणि त्या एकेकाला उत्तर देत होत्या. मी उभाच होतो, कधी उठलो ते आठवत नाही. अध्यक्षांच्या घड्याळाप्रमाणे हे सोळा मिनिटे चालले. मला विचाराल तर चारच. माझ्याबद्दल इतके सरळ आजवर कोणी बोलले नव्हते, डॉक्टरसुद्धा नाही. राग आला का, असे डेप्युटी विचारतात. नाही. बरे वाटले. ते कसे, हे मला सांगता येत नाही.

मग लोइसबाई मला म्हणाल्या, “व्हर्लिन, चालू कर.” मी चालू केले. उरलेल्या बारा सेकंदांत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या दहा जणांकडे एकेक करून बघत राहिल्या. भोंगा वाजला तशी त्यांनी माईक जमिनीवर ठेवला आणि बाजूला झाल्या. म्हणजे नियमाप्रमाणे त्या एक सेकंदही जास्त बोललेल्या नाहीत, हे माझे स्पष्ट सांगणे आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी मतदान झाले. जेनीन पोल यांनी मत फिरवले. बाळंतपण तीन, डायलिसिस दोन. आमचा विभाग पुढच्या महिन्याच्या एक तारखेला बंद होणार. लोकांनी टोप्या उडवल्या, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मीही दोन्ही हात वर करून ओरडलो. हे पुष्कळांनी पाहिले आहे, तेव्हा नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर अध्यक्षांच्या सांगण्यावरून, सभेत व्यत्यय आणला म्हणून, डेप्युटींनी लोइसबाईंचे नाव लिहून घेतले.

गाड्या लावतात तिथे डॅरेल वॉइट माझ्या ट्रकपाशी उभे होते. म्हणाले, “तुझ्या वाटचं तू द्यायचंस, कुसेरा. माझ्या वाटचं द्यायला तुला कुणी सांगितलं होतं?” सहा वर्षांत त्यांनी मला आडनावाने हाक मारली नव्हती. त्यांनी मला धमकी दिली नाही. त्यांना घरी पोचवणारे दुसरे कोणी नाही, म्हणून ते माझ्याच ट्रकमध्ये बसले. चौदा मैल गाडी चालवून मी त्यांना दाराशी सोडले. त्यांना दारातली पायरी नीट दिसत नाही म्हणून मी दिवे लावून थांबलो. ते आत गेले.

काल रविवारी दुपारी ग्लेन ब्रॅन्ट यांचा फोन आला. म्हणाले, “हे बघ व्हर्लिन, यंत्र बिघडलं होतं म्हण. जुनंच आहे ते. तू मोकळा.” मी विचारले, “आणि लोइस?” ते म्हणाले, “यंत्र बिघडलं असेल तर खरी वेळ माझ्या मनगटावरची. ती सोळा मिनिटं जास्त बोलली, तेवढंच.” म्हणजे यंत्र बिघडले होते तर त्या दोषी, आणि मी थांबवले होते तर त्या निर्दोष. काल संध्याकाळी मी शाळेची किल्ली घेऊन जिममध्ये गेलो आणि ते घड्याळ सलग एक तास चालवून पाहिले. एका सेकंदाचाही फरक नाही. यंत्र ठणठणीत आहे. ते मी जाणूनबुजून थांबवले, मला कोणी सांगितले नव्हते, लोइसबाईंनी तर नाहीच. रांगेतल्या त्या दहा जणांना मी विचारले नव्हते. जी काही कलमे लावायची ती मला लावावीत. फक्त मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी बोलावू नये. पुढच्या महिन्यापासून त्या तिन्ही दिवशी संध्याकाळीही बोलावू नये, कारण मी केलरहून परत आलेलो नसेन. केलरला जाताना मी डॅरेल वॉइट यांच्या दारावर ट्रकचा भोंगा वाजवणार आहे. ते येतील की नाही, माहीत नाही.

हा जबाब डेप्युटी ओचोआ यांनी मला दोन वेळा वाचून दाखवला. पहिल्या वाचनात ‘यंत्रातील दोषामुळे घड्याळ थांबले’ असे होते. ते त्यांनी माझ्या भल्यासाठीच लिहिले असावे. ती ओळ मी खोडायला लावून शेजारी सही केली आहे. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे. रांगेतल्या त्या दहा जणांना मी विचारले नव्हते, हे वाक्य तपासाला लागत नाही, गाळू का, असे डेप्युटींनी विचारले. ते ठेवायला सांगितले.

(सही) व्हर्लिन जे. कुसेरा
समक्ष : डेप्युटी एम. ओचोआ