सुईच्या घरातली पोर

आमी मूळचं फलटनचं. पिंजाऱ्याचं घर. अब्बा कापूस पिंजायचं, अम्मी गादीला टाकं घालायची, आन् आमी भावंडं दारात. का दारात, तर आत सुई. काय सांगू ताई तुमाला, बाहेरच्यास्नी वाटतं कापसाचं घर म्हंजी मऊ मऊ, पोरांची चंगळ. आवं, त्या कापसातच तर सुई हरवती! दाभन मोठा, तो दिसतो तरी, पन बारकी सुई एकदा कापसात गेली की गेली. माजा थोरला भाऊ रशीद, आमी त्याला भाईजान म्हनतो, चार-पाच वर्साचा आसंल, लोळला कापसात, आन् मोडकी सुई गेली गुडघ्यात. तवापास्नं तो पाय वाकलाच न्हाई. अजून तसाच ताठ टाकून चालतोय.

तवापास्नं अब्बांनी घरात कायदाच केला. फुटक्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक व्हतं, गोल, त्याला सुतळी बांधली. काम उरकलं की अब्बा ते सगळ्या फरशीवरनं फिरवायचं, आन् त्यांचं फिरवून होईस्तवर आमी पोरांनी हात काखेत घालून हुबं ऱ्हायचं. हात काखेत! आसं अब्बांनी म्हनलं की आमी गपगार. हात बाहेर काडला की पाठीत रट्टा. वाईट नव्हतं वं अब्बा, भ्यालेलं व्हतं.

लगीन होऊन मी मलकापुरात आली, तवा अब्बांनी ते लोहचुंबक माज्या बरूबर दिलं. मालक गॅरेजात कामाला, मी घरातच गाद्या भरती. सासू लगीच गेली, त्यामुळं सना झाली तवा बघनारं कोनबी न्हाई. मग काय, कोपऱ्यात बसवायची आन् म्हनायचं, सना, हात काखेत. गुनी पोर, एकदा सांगितलं की बास. शेजारनी म्हनायच्या, शमशाद, नशीब काडलंस गं, पोर हाय का मूर्ती. मला लय बरं वाटायचं.

तीन वर्साची झाली तवा बालवाडी बघाय निघालो. एका बिल्डिंगीत गेलो, तर आत सगळी पोरं बाकावर, हाताची घडी तोंडावर बोट. टाचनी पडली तरी ऐकू येईल. मी मालकांचं तोंड बघितलं, त्यांनी माजं, दोघांस्नीबी पसंत. दुसऱ्या कुनाला तितं भ्या वाटलं आसतं, पन सुईच्या घरातल्या मानसाला तेच्यापरीस चांगली जागा कंची? घातली तितंच. वर्सभरात एबीसीडी घडाघडा म्हनाय लागली.

ईदीला फलटनला गेलो. भाईजानची पोरं अंगनात चिखलाच्या शेवया करत व्हती, नुसता दंगा. आन् माजी सना भिंतीला टेकून, हात काखेत. दोन दिस तशीच. कुनी बावली दिली तरी हात काडंना, माज्याकडं बघायची. भाईजान पाय वडत माज्यापशी आला. शमा, म्हनला, सुई माज्या पायात गेली, तिची शिक्षा हिच्या हातास्नी का? मी रागानं म्हनली, तुमी नका मला शिकवू. पन त्याचं बोलनं डोक्यातनं जाईना.

परत आल्यावर सनासाठी दुसरी बालवाडी शोधाय लागली. बुद्धविहाराच्या मागं सुनंदाताईंच्या दोन खोल्या हायत, तितं पोरं सांबाळत्यात. आंगनात वाळूचा ढीग, डबं, फुटकी भांडी, पान्याची घागर, आन् कालवा म्हनशीला तर बाजाराचा. दोन पोरं काठीला दोन डबं टांगून वाळू जोखत व्हती, जड कुनाचं म्हनून भांडत व्हती. मी इचारलं, आवं ताई, ह्यास्नी शिकवता कवा? त्या म्हनल्या, चाललंय की, बघा. मालक म्हनलं, माती खेळाय पैसं द्यायचं व्हय? माती दारात फुकाट हाय. मी म्हनली, दारात हाय, पन आपुन तिला हात लावून देतोय का?

घातली तितं, तरी सना उंबऱ्यातच. सुनंदाताईंनी तिला वडली न्हाई. हुबी ऱ्हाऊ द्या, म्हनल्या, डोळं खेळत्यात तिचं. पन दिसामागं दिस गेलं तशी मला धडकी भरली, ही पोर आशीच ऱ्हायली तर? शेवटी एक दिस मी लोहचुंबक घेऊनच गेली. म्हनली, ताई, राग मानू नका, तुमच्या वाळूतनं हे एकदा फिरवू द्या, मग मी तिला सोडती. हसल्या न्हाईत त्या. फिरवा की, म्हनल्या, रोज फिरवा.

मी फिरवलं. सुई न्हाई, खिळा न्हाई. पन वर काडलं तर लोहचुंबकाला काळी दाडी फुटलेली, बघा! वाळूतलं काळं कन सगळं हुबं ऱ्हायलेलं. पोरं तुटून पडली. आन् सना उंबऱ्यावरनं उतरली. एक हात काडला. मग दुसरा. बोटानं ती दाडी चाचपली आन् मला इचारलं, अम्मी, का चिकटतंय हे? तिनं मला कवा काय इचारलंच नव्हतं वं. मी तितंच वाळूत बसून रडली.

आता ते लोहचुंबक तिचंच झालंय. काल मी गादी भरत व्हती, ती सुनंदाताईंकडनं आली, अब्बांसारखंच सुतळी धरून सगळी फरशी फिरली आन् मग दोनी हात कोपरापातूर कापसात घातलं. अम्मी, कापूस का चिकटत न्हाई गं ह्याला? माज्या तोंडात अब्बांचं सबूद आलं व्हतं, अगदी जिभंवर. आल्ला तिचं हात आसंच चालतं ठेवो. मी काय केलं सांगू? माजंच दोनी हात काखेत घातलं आन् गप बसली.