शेजारची सीट

आमच्या शहरात आता नियमच आहे, एकट्यानं गाडी घेऊन कामावर गेलं की पार्किंग मिळत नाही. काल बसच्या रांगेत माझ्यापुढे इस्पितळात काम करणाऱ्या दोघी नणंद-भावजय उभ्या होत्या. त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती.

“वहिनी, शुक्रवारी तुम्ही रिटायर होणार. सोमवारी मी शेजारी कुणाला बसवू?”

“लॅबमधल्या त्या बाईंना विचार.”

“त्या वाटभर फोनवर बोलतात.”

“मग बसनं जा.”

“जाईन. बसमध्ये निदान कुणी म्हणणार नाही, ब्रेक उशिरा मारतेस म्हणून.”

“मारतेसच.”

“दादा गेल्यावर आपलं बोलणंच बंद झालं होतं. हा नियम आला म्हणून तरी तुम्ही माझ्या गाडीत बसलात.”

“पहिला महिनाभर मी नुसती खिडकीबाहेर बघत होते.”

“म्हणून तर मी रेडिओ लावायचे.”

“सोमवारी किती वाजता निघणार?”

“नेहमीच्याच वेळी. का?”

“मी येते.”

“रिटायर झाल्यावर? तिथं येऊन करणार काय तुम्ही?”

“तुला पार्किंग मिळालं की बसनं घरी परत येईन.”

“रोज?”

“रोजचं नंतर बघू. सोमवारी हॉर्न वाजवत बसू नकोस, मी खालीच उभी असेन.”