विहिरीचा कोरा दगड

तुम्ही पक्षांच्या भांडणाचं बोलून राह्यलात, मंग आमच्या आण्णाचं ऐका. निजाम गेल्यावर परतूरकडच्या आमच्या गावात पहिली पंचायत निवडून आली. दोन पक्ष, दोघांचे चार-चार पंच. एकानं विहिरीचा ठराव मांडला की दुसऱ्याचे चारही हात खाली. पुढच्या निवडणुकीत श्रेय त्याला जाईल ना. बाया बिचाऱ्या दोन कोसांवरून पाणी आणायच्या.

आण्णा पाथरवट. एका बैठकीला ते दगड अन् छिन्नी घेऊनच गेले. म्हणले, "आज ज्याचा हात खाली राहील, त्याचं नाव कोरून हा दगड बायांच्या पाण्याच्या वाटेवर रोवतो. मजुरी न्हाई घेत."

आठही हात बराबर वर गेले.

आण्णानं जन्मभर दगड कोरले, पण आम्ही दारात जपून ठेवलाय तो हा कोराच.