करदोट्याची चावी

मनकर्णाबाई : दारापाशी कशाला बसू? मी काय चोरी करून पळणारे का? इथं टाका खुर्ची, पंख्याखाली.

रत्नमाला : कुठंही बसा, मावशी. या केंद्रात दाराजवळची खुर्ची आम्ही मोकळी ठेवतो. आलेल्या बाईला कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून.

मनकर्णाबाई : मला कोण कोंडतंय! मागल्या मंगळवारी पण तुमचं हेच. पाणी घेता का, पंखा लावू का, बोलता का गप बसता. अवं, पोरगी बघायला आलेले पाव्हणे पण एवढं विचारत नसतात.

रत्नमाला : इथं येणाऱ्या बायकांना आजवर कुणी काही विचारलेलंच नसतं.

मनकर्णाबाई : बोलता चांगलं. पगार त्याचाच असंल. कुठंय माझी सून?

रत्नमाला : निवाऱ्यातून आल्यात, आतल्या खोलीत आहेत. त्या 'या' म्हणाल्या की भेट. आणि घरी चल म्हणायचं नाही. मागच्या वेळी आपलं तसं ठरलंय.

मनकर्णाबाई : ठरलंय की. पण उमाला जाऊन बावीस दिवस झाले, बाई. सई नातीबिगर घर खायाला उठतंय. भिंतीवर तिनं खडूनं काढलेल्या कोंबड्या तेवढ्या राह्यल्यात. मी लई तोंडाळ हाये, साऱ्या चितेगावाला ठावं हाये. पण त्या कोंबड्यांपुढं माझं तोंड चालत नाय.

रत्नमाला : आल्यापासून तुम्ही डावा हात धरून बसलात. दुखतोय का? सांगितलंच पाहिजे असं नाही.

मनकर्णाबाई : न्हाणीत पडले.

रत्नमाला : बरं.

मनकर्णाबाई : बरं काय बरं! खोटं वाटतं का तुम्हाला?

रत्नमाला : तुम्ही सांगाल तेवढंच मी ऐकणार. उमाताई, मावशी आल्यात. खोलीत आम्ही दोघीच आहोत. यावंसं वाटतंय का?

(आतलं दार उघडतं. उमा येते आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसते.)

मनकर्णाबाई : वाळलीस गं पार. तिथं खायला घालतात, का जेवायचं का म्हणून नुसतं विचारतात?

उमा : घालतात, आत्याबाई.

मनकर्णाबाई : सई?

उमा : बरीये. झोपेत दचकती. उठली की आज्जी कुठंय म्हणती.

मनकर्णाबाई : ऱ्हाऊ दे, ते नको सांगू. हे घे. भाकरी हायेत, ठेचा हाये. बाईंनी मागल्या वेळी दिलेल्या कागदात लिहिलेलं समदं आणलं बघ. तुझ्या गोळ्या, दोन साड्या, पोरीचा स्वेटर. अन् हा तिचा जन्मदाखला. प्लास्टिकच्या पिशवीत हाये, भिजला नाय.

उमा : दाखला?

मनकर्णाबाई : नव्या शाळंत लागतोय ना? तूच लिहायला लावला असशील.

उमा : लावला. पण मिळंल असं वाटलं नव्हतं. आत्याबाई, दाखला लोखंडी कपाटात होता.

मनकर्णाबाई : मग कपाटातूनच काढला.

उमा : कपाटाची चावी त्यांच्या करदोट्याला असती. आंघोळीला पण सोडत नाहीत.

मनकर्णाबाई : भाकरी खा आधी, गार होतील.

रत्नमाला : मावशी, चावी कुणी दिली?

मनकर्णाबाई : सांडूनं दिली. का, आईला चावी देऊ नये का लेकानं?

उमा : त्यांना कळलं? मी आज इथं येणार ते?

मनकर्णाबाई : अगं, सुधरलाय तो! शिवी नाय, काय नाय. निमूट चावी काढली, माझ्या हातावर ठेवली. म्हणला, घेऊन जा तिचं तिला.

रत्नमाला : मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं, कागद लिहून देऊ का तोंडी सांगू. कुणाला दाखवायचा नाही म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, मी चौथी पास आहे.

मनकर्णाबाई : म्हणले.

रत्नमाला : मग त्याच्या हाती कसा गेला?

मनकर्णाबाई : मला वाचता येत नाय. सही तेवढी येती. झालं समाधान?

रत्नमाला : मी रागावले नाही.

मनकर्णाबाई : शेजारच्या भागूबाईकडं न्यायचा होता. पण तिला मी जल्मभर चौथी पास सांगत आले. कोणत्या तोंडानं नेऊ? मग वरचा शिक्का दुमडून धरला, अन् सांडूला म्हणलं, चष्मा फुटलाय, दवाखान्याचा कागद हाये, काय काय न्यायचं तेवढं वाच. त्यानं माझ्या हातातून घेतला. घडी उलगडली. बराच वेळ बघत बसला.

उमा : कशानं आलात तुम्ही?

मनकर्णाबाई : ऊन हाये म्हणून...

उमा : आत्याबाई, कशानं आलात?

मनकर्णाबाई : त्याच्या गाडीवर. खाली चहाच्या टपरीवर बसलाय. म्हणला, तू ये निवांत बोलून.

उमा : सई... ताई, सई... ते माझ्यामागं येतील निवाऱ्यापर्यंत. मला... मला...

रत्नमाला : उमाताई, खालच्या जिन्याला कुलूप असतं, किल्ली माझ्या कमरेला आहे. तो वर येऊ शकत नाही. माझ्याकडं बघा. पाय जमिनीला टेकवा. फरशी गार आहे का?

उमा : गार आहे.

रत्नमाला : या खोलीत निळं काय काय दिसतंय?

उमा : पडदा. बादली. आत्याबाईचं लुगडं.

मनकर्णाबाई : काय खेळ लावलाय हा! खाली तो बसलाय अन् तुम्ही निळं मोजता!

रत्नमाला : तिचा श्वास अडकलाय, मावशी. तो सुटला की ती ठरवू शकते. उमाताई, पोलिसांना बोलावू का? तुम्ही हो म्हणालात तरच.

उमा : बोलवा. पण येऊन काय करतील? मागं पण आले होते.

रत्नमाला : आज त्याला इथून हलवतील. खोटं आश्वासन देत नाही, त्याहून जास्त आज होणार नाही. गॅसच्या त्या दिवसाबद्दलच्या जबाबात लिहिलंय, दूध उतू गेलं, गॅस विझला. सांगणारी घरातलीच होती.

मनकर्णाबाई : मग उतूच गेलं होतं.

उमा : पातेलं फळीवर पालथं होतं, आत्याबाई. मी सईला पावडर लावत होते. त्यांनी येऊन गॅसचं बटण फिरवलं अन् बाहेरून कडी लावली. मी दार बडवत होते. तुम्ही कडी काढली म्हणून आम्ही जित्या हाये. मी ते कधी विसरणार नाय. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही पोलिसांपुढं दूध म्हणलात.

मनकर्णाबाई : लेक हाये माझा! काय म्हणायला पायजे होतं मी?

उमा : मी तुम्हाला बोल लावत नाय.

मनकर्णाबाई : लाव की गं! लाव! शिव्या घाल मला, थोबाडीत मार, पण अशी गप बघू नको! ऱ्हाऊ द्या तुमचे पोलीस. मीच खाली जाते. म्हणते, उमा आलीच नाय, चल घरी. त्याला घेऊन जाते, मग तुम्ही निघा मागल्या दारानं.

उमा : नका जाऊ. कळंल त्यांना. तुम्हाला मारतील.

मनकर्णाबाई : मग आजवर काय आरती करतोय का? तू गेल्यापासून त्याचा हात रिकामा हाये. परवा सांजंला पिरगाळला. न्हाणीत कोण पडतंय! सासूला न्हाणीचं निमित्त काय आज माहीत झालं?

उमा : आत्याबाई...

मनकर्णाबाई : रडू नको. मला रडक्या बायका आवडत नाय.

रत्नमाला : मावशी, तुम्ही खाली जाऊ नये असं मला वाटतं. जायचंच म्हणालात तर अडवायचा मला हक्क नाही, पण हात जोडते, जाऊ नका. आणि कागद लिहून द्यायची चूक माझी होती. घरी तुम्हाला कोण वाचून दाखवील, हे मी विचारायला हवं होतं.

मनकर्णाबाई : तुमची कशाला? माझ्या तोऱ्याची चूक. थांबा... फोन वाजतोय. त्याचाच हाये.

उमा : उचलू नका.

मनकर्णाबाई : नाय उचलला तर वर येऊन दार फोडंल. उचलला तर माझ्या आवाजावरनं वळखंल.

रत्नमाला : वाजू द्या. मी ११२ ला लावतेय... हो, केंद्रातून बोलतेय. माणूस खाली टपरीवर आहे... हो, आत तिघी आहोत... पंधरा-वीस मिनिटं? लवकर बघा.

मनकर्णाबाई : बंद झाला. परत लागला.

उमा : वीस मिनिटं, ताई.

मनकर्णाबाई : आज नेतील, अन् उद्या?

रत्नमाला : उद्याचं मला माहीत नाही.

मनकर्णाबाई : दूध उतू गेलं म्हणून लिहिलंय तोवर उद्या परत टपरीवर बसंल. व्हय ना? बोला की. आता का गप? इतकं विचारता, आज विचारा ना मला!

रत्नमाला : तुम्हाला त्या दिवसाबद्दल सांगायचंय का, मावशी? नाही म्हणालात तरी उमाताई आणि सई आमच्याकडंच राहतील. तुमची पण सोय करू.

मनकर्णाबाई : त्याला जेल होईल?

रत्नमाला : होऊ शकते.

मनकर्णाबाई : पोलीस माझ्यापुढं नेतील त्याला?

रत्नमाला : तुम्ही आतल्या खोलीत बसू शकता. बघायची गरज नाही.

मनकर्णाबाई : नाय. बघीन मी. उमा, जवळ ये. नको, बस तिथंच, दारापाशी. हां बाई, घ्या कागद. लिहून झालं की एक-एक शब्द वाचून दाखवा. चौथी पासवाणी सही करणार नाय आज.

रत्नमाला : घेतला. कुठून सुरुवात करायची, तुम्ही सांगा.

मनकर्णाबाई : कडी कुणी लावली तिथून. मी डोळ्यांनी बघितलंय. लिहा, सांडू.

रत्नमाला : सांडू. हेच नाव कागदोपत्री आहे?

मनकर्णाबाई : हेच. आधीची दोन जगली नाय. हा तरी ऱ्हावा म्हणून टाकून दिल्यावाणी नाव ठेवलं मी.