संदर्भ म्हणून सासूचा नंबर

‘या, लिहा’ अशी हाक तुम्हीच मारता आणि कुणी लिहिलं की पुसायला तुम्हीच धावता. ऑनलाइन ज्ञानकोशातली पानं ठेवायची की उडवायची हे ठरवणारे प्रचालकसाहेब, हे तुम्हालाच सांगतोय. नेरूळला आधार केंद्राच्या रांगेत माझ्यापुढे सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या सगुणाताई होत्या. सोबत संघर्ष नावाचा तरुण, त्यांना कार्यशाळेत ज्ञानकोशात लिहायला शिकवणारा.

“सर, खाडीतल्या मासेमारीचं माजं पान उडवनार म्हनतात. आज सहापर्यंत टाइम हाय.”

“बघू मोबाईल. ताई, संदर्भात हा कुणाचा नंबर?”

“सासूचा.”

“फोन नंबर टाकलात?”

“तुमीच बोल्लात ना, माहिती कुठनं आनली ते लिवा. सासूकडनं आनली. पन्नास वर्सं खाडीत जाळी टाकली तिनं. तपासाचं तर फोन करा म्हनावं.”

“तसं नाही चालत हो. छापील लागतं.”

“आमचं कोन छापनार? मासे?”

“चूक माझी, ताई. मी नीट सांगितलं नाही. मुदत मागतो मी.”

“मागा. पन खाली त्या ज्ञानकोशवाल्यांनी काय घुसवलंय ते वाचा आधी.”

“‘सारसोळ्याच्या जागी पूर्वी ओसाड दलदल होती.’ हे कुठून आलं?”

“कुठल्या बिल्डरच्या पुस्तिकेतनं. ते छापील हाय ना!”

“थांबा, पानावरचे वाद जिथं लिहितात ते चर्चापान उघडतो.”

“पन ते चालतं कसं, सर?”

“मला नका विचारू. इथं चर्चापानावर त्यांनाच विचारा. तुमचं लिहून होईपर्यंत मी थांबतो.”

“लिवते. ‘माजी सासू ओसाडात जन्मली काय? पान उडवायच्या आधी उत्तर द्या.’”