आई, आज थांब ना

आपल्या इमारतीच्या समितीचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले माझे आई-बाबा, दोन्ही जिन्यांतले सगळे काका-काकू आणि आजी-आजोबा, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, इमारतीतली मुलं सांभाळणाऱ्या मावश्या (पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत हो, बसून घ्या), आणि वीस वर्षं आमच्या घरात मला नि माझ्या धाकट्या भावाला सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती बाई, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

निवेदकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी दहा घेईन. चहा थोडा निवेल, तेवढं चालवून घ्या.

‘बाई’ हा शब्द ऐकून काहींना वाटेल, इतक्या वर्षांचं माणूस, आणि मावशी नाही, ताई नाही, नुसतंच बाई? तर तो आमच्या घरचा पहिला नियम. आई वकील, त्यामुळे आमच्याकडे साध्या सूचना नसायच्या, कलमं असायची. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून टंकलेला कागद चिकटवलेला होता. नात्याने हाक मारायची नाही. मुलांचा मुका घ्यायचा नाही. सोफ्यावर बसायचं नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सात फोन खणात. आपल्या घरच्या गोष्टी मुलांना सांगायच्या नाहीत. आपलं माणूस कामाच्या घरी आणायचं नाही. आणलं तर त्याच दिवशी काम बंद. सगळे नियम आमच्या भल्यासाठी होते, आणि सगळे पाळले जात. फक्त पहिला आम्ही मोडायचो. आई घरात नसली की बाईंची ‘माऊ’ व्हायची, आणि मी तिची ‘सोनू’.

मी आठ वर्षांची होते. उन्हाळ्याची सुट्टी होती. त्या सकाळी माऊ आली ती एका मुलीला हाताशी धरून. तिची मुलगी, माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. ती आजीकडे राहायची, पण आजी दवाखान्यात होती आणि तिला ठेवायला दुसरं घर नव्हतं.

माऊ म्हणाली, “आजचाच दिवस. मॅडमना सांगू नकोस हं, सोनू.”

मी कशाला सांगते! मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर सापशिडी मांडली. ती हरली की हसायची, जिंकली की घाबरून माझ्याकडे बघायची.

दुपारी भाऊ झोपला. माझं जेवण झालं. मग माऊने तिला मांडीवर घेतलं, एका ताटात दोघी जेवल्या. जेवता जेवता माऊ तिला म्हणाली, “नीट चावून खा गं, सोनू.” आणि तिच्या डोक्याचा मुका घेतला.

मंडळी, तोवर तीन वर्षं मला असं वाटत होतं, की माऊला मुका घेता येत नाही. आणि सोनू मी होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं, की ते नाव मला आधीच दुसरीचं वापरून झालेलं मिळालंय.

तेवढ्यात खाली आईच्या गाडीचा आवाज आला. एक फाईल विसरली होती. माऊने मुलीला उचलून मागच्या गॅलरीत, कपडे धुवायच्या मशीनमागे बसवलं. “आवाज करायचा नाही. मॅडम दहा मिनिटांत जातील,” म्हणाली आणि आतून कडी लावली. आमची ती गॅलरी पश्चिमेची. दोननंतर तिथल्या लाद्यांवर चप्पल घालूनही उभं राहवत नाही.

आईने फाईल घेतली. पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत पोचली. आणि मी तिच्या कमरेला मिठी मारली.

“आई, आज थांब ना.”

आई आत्ताच आपल्या भाषणात हा प्रसंग सांगून गेली. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी डोळे पुसले. तिने ऑफिसला फोन केला, आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची एक तारीख दुसऱ्या वकिलाकडे सोपवली आणि लेकीसाठी दुपारभर घरी राहिली. ‘माझ्या मुलीने मला थांबवलं, तो माझा सगळ्यात सुखाचा दिवस,’ असं ती म्हणाली. आई, मी तुला तुझ्यासाठी थांबवलं नव्हतं. गॅलरीचं दार उघडू नये म्हणून थांबवलं होतं.

माऊ म्हणाली, “मॅडम, कपडे वाळले असतील, घेऊन येते.”

आई म्हणाली, “राहू द्या हो, घाई काय आहे?”

मी म्हणाले, “बाई, तुम्ही पण खेळायला बसा ना.” आई हसली. “बसा बाई, आज सोफ्यावर बसा. आज नियम सैल!”

आणि माऊ सोफ्यावर बसली. तीन वाजले, चार वाजले. फासा टाकताना ती गॅलरीच्या दाराकडे बघायची आणि मला ते दिसायचं. मला सगळं कळत होतं. आठ वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं कुणी म्हणू नका. माझ्यासारख्या मुलीला पुष्कळ कळतं.

माऊ का बोलली नाही? हा प्रश्न मी बरीच वर्षं स्वतःच्या बचावासाठी वापरला. ती बोलली असती तर त्याच दिवशी काम बंद, आणि आजीचा दवाखाना, मुलीची शाळा, सगळं त्या कामावर उभं होतं. दहा मिनिटांत, आणखी दहा मिनिटांत आई उठेल, या आशेवर ती बसून राहिली.

साडेपाचला आई आंघोळीला गेली. माऊने कडी काढली. मी मागेच होते. मुलगी मशीनच्या सावलीत अंगाची जुडी करून पडली होती. कपडे ओले झालेले, ओठ फुटलेले. दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर गच्च दाबलेले. तिला आवाज करू नकोस म्हणून सांगितलं होतं ना. माऊने उचलायला हात पुढे केले, तर ती मागे सरकली.

आई बाहेर यायच्या आत खालच्या मजल्यावरच्या मावशींनी तिला दवाखान्यात नेलं. त्या मावशी आज या सभागृहात आहेत. माऊ सातपर्यंत आमच्याकडेच होती. सात ही तिची वेळ होती. मुलगी वाचली. पण माऊ सुट्टीच्या दिवशी तिला भेटायला आजीकडे गेली, की ती उठून शेजारी जाऊन बसायची. तिने पुन्हा माऊला आई म्हणून हाक मारली नाही. ती आज दुसऱ्या शहरात असते. आजचं निमंत्रण मी स्वतः पाठवलं होतं. आली नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. मी थांबले नाही. मला तीन शब्द सापडले होते: “सांगू का आईला?” ते मी चार वर्षं वापरले. नको असलेलं दूध मोरीत ओतायला लावलं. मुलीचा एक फोटो ती खिशात ठेवायची, तो माझ्यासमोर फाडायला लावला. आणि आई बाहेर पडली की रोज एक मुका. “माझा घे. तिचा घेतलास तसा.” ती घ्यायची. मी बाराची झाल्यावर ते बंद झालं. लाज वाटली म्हणून नव्हे. कंटाळा आला म्हणून.

आई, तू उठू नकोस. अध्यक्ष महोदय, माझं संपतच आलंय.

गेल्या मंगळवारी माऊ आपली पिशवी भरत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, “माऊ, मला माफ कर.”

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. म्हणाली, “सगळ्यांना सांगशील?”

“सांगेन.”

“मग मी समोर असताना सांग. माझ्यामागे नको. आणि तुझ्या आईसमोर सांग.”

मी विचारलं, “मग माफ करशील?”

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, “तुला सांभाळायचं काम होतं, ते मी केलं. माफ करायचं त्या कागदावर कुठे लिहिलं नव्हतं.”

तर समितीने हा सोहळा घडवून आणला, निवेदकांनी मला आवरलं नाही, आणि आपण सगळ्यांनी हे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात वेळेचं, मानापानाचं काही चुकलं असेल, तर सभागृहाने मला सांभाळून घ्यावं. बाईंनी घेऊ नये. त्यांचं काम आजपासून संपलं आहे.