भोंग्यावरून मेलेली स्तोयना आजी

तुम्ही कधी धडधाकट म्हातारीला मारलंय का हो, तेही गावच्या भोंग्यावरून? मी मारलंय... म्हणजे आवाज माझ्या भाचीचा होता, नऊ वर्षांच्या साव्काचा, पण शिकवणारी कोण? मी, तिची रुमेना मावशी, गावच्या वाचनालयात पुस्तकांवरची धूळ झटकणारी. तुम्हाला सांगते, आमच्या बल्गेरियातल्या गावात अजून भोंगे आहेत, पाणी कधी जाणार, डॉक्टर कधी येणार, सगळं दुपारी बाराला त्यावरूनच कळतं, तर सरपंच म्हणाले मुलांच्या गोष्टीही लावू, आणि मी लगेच साव्काला फोनवर गोष्ट रेकॉर्ड करायला शिकवायला बसले. पोरीची गोष्ट साधी, शेजारच्या स्तोयना आजीची कोंबडी हरवली, आजीने खूप शोधली, संध्याकाळी ती आपली आपण परत आली. संपलं. मी म्हटलं, अगं, यात काही घडतच नाही, ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा यायला हवा, कोंबडी मरू दे. ती म्हणाली, "मावशी, मग आजी रडेल ना." तर मी म्हटलं, मग आजीच मरू दे... आता सांगतानाही मान वर होत नाही बघा. पोर रडायला लागली, आणि मी काय केलं? ते रडणंही रेकॉर्ड करून घेतलं, वर म्हटलं, छान लागलाय आवाज. शिकवणारी कोण? मी.

गोष्ट बाराला लागली, आणि भोंग्याचं तुम्हाला माहीतच आहे, द्राक्षांच्या मळ्यात निम्मी वाक्यं वाऱ्यावर जातात, कानावर पडलं ते एवढंच, की स्तोयना आजी आज पहाटे गेली, आणि त्यामागे लहान मुलीचे हुंदके. तासाभरात अर्धं गाव आजीच्या फाटकाशी, सगळ्यांत पुढे मळ्यातून तसाच आलेला आमच्या गावचा पेन्को, टोपी काढून, हातात सहा फुलं, कारण मेलेल्या माणसाला आम्ही फुलं सम आकड्यात नेतो, जिवंताला विषम. दार आजीनेच उघडलं, हात पिठाने भरलेले. पेन्कोने फुलं तशीच पुढे धरली. तिने शांतपणे फुलं मोजली आणि म्हणाली, "पेन्को, यातलं एक काढ, मग घेते."

लोक हसले हो, एवढ्यावर निभावलं असतं... पण आजीने विचारलं, हे डोकं कुणाचं? आणि मी, बावन्न वर्षांची बाई, साव्काच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लहान आहे, रचते काहीबाही." साव्काने माझ्याकडे नुसतं पाहिलं, खांद्यावरचा हात काढला आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. पेन्को म्हणतो कसा, "एवढीशी पोर, आणि आत्तापासून खोटारडी?" आता खोटं शिकवणारी कोण? सांगायला नको होतं का मी तिथेच? पण नाही, मी आपली फाटकाची कडी बघत गप्प. संध्याकाळी साव्काने फोन माझ्या हातात ठेवला, म्हणाली, मला नाही सांगायच्या आता गोष्टी.

दुसऱ्या दिवशी बाराला खरं काय ते मी भोंग्यावरून सांगितलं. रेकॉर्ड साव्कानेच केलं, दोनदा, कारण पहिल्या खेपेला मी सगळं सांगितलं, फक्त माझं नाव घेतलं नव्हतं.